सुप्याचा दंगा आणि अहवालातून निसटलेला सारा

पुणे आणि नगर जिल्ह्यांतील गावांचे इतिहास गोळा करण्याचा मला जुना नाद आहे. ग्रामपंचायतीच्या स्मरणिका, शाळांचे शताब्दी अंक, तालुक्याची माहिती देणारी पुस्तके असे जे मिळेल ते मी वाचत आलो. त्यांत १८७५ च्या दंग्यांचे प्रकरण आले की ते बहुतेक एकाच साच्यातले असते. मारवाडी सावकार अडाणी कुणब्याला फसवतो, कुणबी लग्नकार्यात उधळपट्टी करून कर्जात बुडतो, शेवटी पेटून उठतो आणि खते जाळतो. मग सरकार चौकशी करते आणि शेतकऱ्याच्या रक्षणासाठी कायदा करते. वीसेक वर्षांपूर्वी एका स्मरणिकेत मीही गॅझेटियर समोर ठेवून हेच लिहिले होते. पुढे दंग्यांच्या चौकशी आयोगाचा अहवाल पुरवण्यांसह वाचला, तेव्हा कळले की ही हकिगत आपण गावाकडून घेतलेली नाही, सरकारकडून घेतली आहे. आणि तीही अर्धीच.

घटना थोडक्यात अशी. शिरूर तालुक्यातील करडे गावात १८७४ च्या अखेरीस मारवाडी सावकारांवर बहिष्कार पडला. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे, भर बाजाराच्या दिवशी, लोक सावकारांच्या घरादुकानांवर चालून गेले. तेथून लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतील तिसांहून अधिक गावांत पोचले. लोकांना हवे होते ते कागद: खते, वह्या, हुकूमनामे. जेथे सावकाराने ते मुकाट्याने दिले, तेथे बहुधा त्याच्या अंगाला हात लागला नाही. सरकारने आयोग नेमला आणि त्याचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे गेला.

या अहवालाला खोटा म्हणता येणार नाही. जबान्या, खतांचे नमुने, व्याजाचे हिशेब आणि कलेक्टरांचा पत्रव्यवहार त्यात इतका आहे की आजही त्याच्याशिवाय अभ्यासकाचे पान हलत नाही. शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून अधिक व्याज चढल्याचे उदाहरण त्यातच नोंदलेले आहे. लग्नकार्यातील उधळपट्टी हे कर्जाचे मोठे कारण मानण्यात अतिशयोक्ती होते, असेही आयोगाने म्हटले आहे. म्हणजे आपल्या स्मरणिका अहवालाचा आधार सांगतात आणि अहवालाने बाजूला सारलेली समजूतच त्याच्या नावावर खपवतात!

अडचण निराळ्या ठिकाणी आहे. सरकारी साऱ्याची मागणी या असंतोषाला कारणीभूत होती का, हा प्रश्न आयोगापुढे होताच. म्हणजे ज्याच्या कारभारावर संशय, त्यानेच चौकशी करणारे नेमले होते. उत्तर असे आले की दोष मुख्यतः सावकारीचा आणि तिला बळ देणाऱ्या कायद्याचा आहे. साऱ्याला दुय्यम जागा मिळाली. हा निष्कर्ष तपासायचा असेल तर सुप्याच्या शेजारच्या इंदापूर तालुक्याकडे पाहावे.

ब्रिटिश जमाबंदीची शाळा म्हणावी तर ती इंदापूर. प्रिंगल यांनी १८३० च्या सुमारास येथे रिकार्डोच्या खंडाच्या सिद्धांतावर पाहणी केली. लागवडीचा खर्च वजा जाता उरणाऱ्या निव्वळ उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा सरकारचा, असे ते गणित होते. कागदावर ते चोख होते, पण आकार इतका जड बसला की शेते ओस पडली आणि बाकी थकत गेली. मग गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३६ मध्ये आकार उतरवला, जमिनीची प्रतबंदी नव्याने केली आणि तीस वर्षांची मुदत बांधून दिली. लागवड पुन्हा वाढली. हीच पद्धत पुढे मुंबई इलाख्यात पसरली. आपल्या सात-बाऱ्यावरचा 'आकार' हा शब्द त्याच परंपरेतून आपल्यापर्यंत आला आहे.

तीस वर्षांची मुदत संपली ती नेमकी वाईट वेळी. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात कापसाला सोन्याचे मोल आले आणि धान्याचे भावही चढले. १८६७ च्या सुमारास इंदापूरच्या फेरआकारणीत सारा निम्म्याहून अधिक वाढला, तो या चढ्या भावांच्या छायेत. पुढच्या काही वर्षांत भाव कोसळले. आकार मात्र पुन्हा तीस वर्षांसाठी बांधला गेलेला. सारा रोख भरायचा आणि तोही सरकारने ठरवलेल्या तारखेला. हाती धान्य आहे पण पैसा नाही, असा कुणबी हप्त्याच्या दिवशी कोणाच्या दारात जाणार? सरकारचा हप्ता बिनबोभाट वसूल होई, त्यामागे पुष्कळदा सावकाराचीच थैली असे. म्हणजे सावकार हा या वसुलीच्या यंत्रातलाच एक दाता होता.

दुसरा दाता दिवाणी न्यायालयाचा. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या खतावर तीन वर्षांच्या आत दावा लावण्याचे बंधन आले. हेतू व्याज साचू नये हा. घडले उलटे: दर तीन वर्षांनी मुद्दल आणि व्याज एकत्र करून नवे खत लिहून घेतले जाऊ लागले. व्याज मुद्दलापेक्षा अधिक असू नये, ही दामदुपटीची जुनी मर्यादा अशा नव्या खतांनी निकामी केली. वाचता न येणाऱ्याचा अंगठा न्यायालयात पुरावा ठरला आणि हुकूमनाम्याच्या बजावणीला सरकारी शिपाई हजर राहिला. कायद्याचा हा दोष अहवाल मान्य करतो. मात्र तो कायदा, ते न्यायालय आणि ती फेरआकारणी ही एकाच सरकारची तीन अंगे आहेत, हे तो एकत्र मांडत नाही.

आयोगातच एकमत नव्हते, हे तर आपल्याकडे क्वचितच सांगितले जाते. वायव्य प्रांतातून आलेले सदस्य ऑकलंड कॉल्विन यांनी फेरआकारणीवर स्वतंत्र टिपण जोडले आणि वाढीव साऱ्याला जबाबदार धरले. दंग्याच्या आधीच, १८७४ मध्ये, मुंबई सरकारने वाढीला मर्यादा घातली होती: तालुक्यावर ३३ टक्के, एका गावावर ६६ टक्के, एका खातेदारावर १०० टक्के. आकार अतिरेकी नव्हता, तर ही मर्यादा कशासाठी लागली? १८७९ चा डेक्कन शेतकरी मदत कायदा आला. त्याने न्यायाधीशाला खताच्या मागे जाऊन हिशेब तपासण्याचा अधिकार दिला. हे मोठे काम होते. पण साऱ्याला त्याने हात लावला नाही.

सावकाराला निर्दोष ठरवण्यासाठी मी हे लिहीत नाही. खोटे हिशेब लिहिले गेले, जमिनी गिळल्या गेल्या, हे खरेच. पण हल्ले जवळजवळ केवळ मारवाडी आणि गुजर सावकारांवर झाले आणि त्याच गावांत सावकारी करणाऱ्या ब्राह्मणांना व इतरांना धक्का लागला नाही, हीदेखील अहवालाचीच नोंद आहे. ती आपल्या गावेतिहासांत येत नाही. सारा वगळला आणि ही नोंदही वगळली की उरतो तो 'परका मारवाडी' आणि 'आपला भोळा कुणबी'. असा इतिहास शाळेतल्या मुलाच्या हाती दिला, तर तो त्यातून एका जमातीचा राग तेवढा शिकेल; जिल्हा कसा चालवला जात होता ते शिकणार नाही.

दुसऱ्या बाजूची साधने त्याच काळातली आहेत. पुण्याच्या सार्वजनिक सभेने दंग्याआधी, १८७३ मध्येच, रयतेच्या स्थितीवर अहवाल प्रसिद्ध केला होता. जोतीराव फुल्यांनी १८८३ मधील 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये सारा वाढवणारे खाते, कचेरीतला कारकून आणि सावकार यांना एकाच हिशेबात धरले. आयोगाने विलग केलेले धागे त्यांनी एकत्र पाहिले, कारण ते शेतकऱ्याच्या बांधावरून पाहत होते.

तेव्हा गावाचा इतिहास लिहिणाऱ्या मित्रांना एवढेच सुचवतो. गॅझेटियरमधला उतारा घेण्याआधी अहवालाच्या पुरवण्या उघडा. आपल्या तालुक्याच्या फेरआकारणीचा अहवाल शोधा आणि जुना आकार व नवा आकार शेजारी शेजारी मांडा. त्यानंतर खतांकडे वळा. माझ्या त्या जुन्या लेखातही 'सरकारने शेतकऱ्याच्या बाजूने कायदा केला' असे वाक्य होते. ते वाक्य मी ठेवणार आहे. त्याच्या आधी सारा कोणी आणि किती वाढवला, एवढे मात्र लिहायला हवे.