विरह कधी सुरू होतो?

‘गाथासप्तशती’तल्या प्रवाशांच्या बायकांना विप्रलंभ शृंगाराच्या खणात ठेवून आपले टीकाकार मोकळे होतात. मला तो खण अपुरा वाटतो. शृंगाराचा स्थायिभाव रती. म्हणजे विरह ही अडलेली कामेच्छाच ठरते. स. आ. जोगळेकरांच्या १९५६ च्या आवृत्तीत भेटणाऱ्या या बायका मात्र निराळेच काही सांगतात. नवरा गेला त्या दिवशी दुपार व्हायच्या आतच एकीची भिंत दिवस मोजण्याच्या रेघांनी भरते. दुसरीचा नवरा उद्या निघणार आहे, आज घरातच आहे. तरी ती रात्रीची विनवणी करते. इथे अडले आहे काय? आमच्या उमरखेडहून पुण्याला कामासाठी जाणाऱ्यांच्या घरीही आदल्या दिवशी दशम्या भाजतानाच डोळे भरून येतात.

जॉन बोल्बी यांनी मुलांच्या संदर्भात मांडलेला अनुबंध १९८७ मध्ये हेझन आणि शेव्हर यांनी प्रौढांच्या प्रेमाला लावला. त्याचे जीवशास्त्र पाहताना ऑक्सिटोसिनचे स्तोम आधी बाजूला ठेवलेले बरे. ‘प्रेमाचे संप्रेरक’ ही त्याची बिरुदावली बरीचशी प्रेअरी व्होल या जोडीने राहणाऱ्या, उंदरासारख्या प्राण्यामुळे मिळालेली. आणि २०२३ मध्ये ऑक्सिटोसिनचा ग्राही नसलेल्या व्होलांनीही जोड्या जमवल्याचे दिसले.

ऑलिव्हर बॉश आणि सहकाऱ्यांचा २००९ चा प्रयोग मला अधिक मोलाचा वाटतो. मादीपासून तोडलेले नर पाण्यात सोडल्यावर धडपड सोडून नुसते तरंगत राहिले. भावापासून तोडलेले तसे वागले नाहीत. ताणाची साखळी सुरू करणाऱ्या सीआरएफ या द्रव्याची क्रिया रोखताच ही हतबलता ओसरली. खरी गंमत पुढेच आहे. मेंदूच्या एका भागात या द्रव्याचे जनुक, ज्यांची ताटातूट झालीच नव्हती अशा जोडीतल्या नरांतही, अधिक सक्रिय होते. विरहाची तयारी सहवासातच होऊन राहिलेली!

व्होल म्हणजे माणूस नव्हे. शिवाय प्रयोगात नर आहेत, गाथांत बोलतात त्या बायका. पुरावा म्हणून नव्हे, वाचनाची दिशा म्हणून मी हे मांडतो. त्या दुसरीच्या विनवणीत मग अतिशयोक्ती उरत नाही.

साहित्यशास्त्राला हे दिसले नव्हते असे नाही. प्रवासविप्रलंभाचे भावी, भवन् आणि भूत असे भेद त्याने केलेच. फक्त तिन्हींखाली रतीच ठेवली. माझ्या मते ‘भावी’ हाच मूळ प्रकार, आणि भिंतीवरच्या रेघासुद्धा त्याच खात्यावर मांडायला हव्यात.