आतून वाचायचं शहर : बुऱ्हाणपूर

बुऱ्हाणपूरला नव्यानं जाणाऱ्याची सुरुवातीला निराशाच होते. केळीचे ट्रक, यंत्रमागांचा खडखडाट, मावा जिलेबीच्या दुकानांसमोरची गर्दी, आणि मध्येच कुठं तरी एखादी पडकी वेस. इतिहासाच्या पुस्तकांत 'दख्खनचा दरवाजा' म्हणून मिरवणारं गाव हेच का, असा प्रश्न पडतो. तापीच्या पात्रातून पाहिलं तर शाही किल्ला म्हणजे काठावर उंच चढत गेलेली, जागोजाग खचलेली भिंत. दुरून डोळ्यांत भरावं असं इथं फारसं काही नाही. पण ज्या शहरावर शतकानुशतकं चाल होत राहिली, त्यानं आपला दागिना दर्शनी भागात कशाला ठेवावा? बुऱ्हाणपूरची उत्तम कामगिरी छतांवर आहे, घुमटांच्या पोटात आहे, मशिदीच्या एका कोपऱ्यात कोरलेल्या ओळींत आहे आणि जमिनीखाली ऐंशी फुटांवर आहे. या गावाचं रसग्रहण बाहेरून होत नाही, आत शिरावं लागतं.

जागा नकाशावर पाहिली की ही गोष्ट लगेच पटते. उत्तरेला सातपुडा आणि त्यातली खिंड अडवून बसलेला असीरगड. दक्षिणेला तापी आणि तिच्यापलीकडे खानदेशची काळी सपाटी. दिल्ली-आग्र्याहून दक्षिणेत उतरणारी फौज असीरगडाच्या पायथ्यानं येऊन इथंच तापी ओलांडायची. आज गाव मध्य प्रदेशात आहे, पण रावेर तालुक्याची हद्द जवळच आहे आणि बाजारात मराठी सहज चालते. शहर वसवलं फारुकी घराण्याच्या नसीर खानानं, इ. स. १४०० च्या सुमारास. नाव दिलं सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचं, आणि पलीकडच्या तीरावरच्या वस्तीला जैनुद्दीन शिराझींचं, म्हणून ती जैनाबाद. या दोघांचेही दर्गे आपल्या खुलताबादला आहेत. म्हणजे नदीचे दोन काठ वसले ते वेरूळजवळच्या दोन कबरींची नावं घेऊन.

पहिला मुक्काम जामा मशिदीत करावा. भर बाजारातली ही मशीद राजा अली खान ऊर्फ आदिलशाह फारुकी यानं बांधली. काळसर दगड, ओळीनं पंधरा कमानी, दोन टोकांना दोन उंच मिनार. नमाजगृहावर घुमट नाही. मशीद म्हटली की घुमट पाहायला सरावलेली नजर इथं किंचित अडखळते आणि आपोआप खाली, कमानींच्या लयीकडे वळते. आत एका टोकाच्या मिहराबापाशी अरबी लेख आहे आणि त्याच्या खालोखाल चक्क संस्कृत लेख कोरलेला आहे. बुऱ्हाणपूरमधली सर्वांत वाचनीय जागा कोणती, असं विचारलं तर मी या कोपऱ्याकडे बोट दाखवीन.

लेखाची सुरुवात सृष्टिकर्त्याला वंदन करून होते. कोणत्याही देवतेचं नाव न घेता ईश्वराला अव्यक्त, सर्वव्यापी, नित्य, गुणांपलीकडचा आणि व्यक्त जगाचं कारण म्हटलं आहे. लिहिणाऱ्या पंडिताची हुशारी इथं दिसते. त्यानं निवडलेलं एकही विशेषण मौलवीला खटकणार नाही आणि वेदान्त्यालाही परकं वाटणार नाही. तडजोडीचा मजकूर सहसा बेचव होतो. हा तसा झालेला नाही, कारण दोन्हीकडच्या विचारात जे उंचावरचं आहे तेवढंच त्यानं उचललं. मग आकाशात चंद्र-सूर्य-तारे असेपर्यंत फारुकी वंश नांदो अशी प्रार्थना येते, राजांची वंशावळ येते, आणि शेवटी तिथी. ही तिथी म्हणजे एखाद्या जन्मपत्रिकेचं टिपण आहे : संवत् १६४६, शके १५११, विरोधी संवत्सर, पौष शुद्ध पक्ष, सोमवार, कृत्तिका संपून रोहिणी लागण्याची घटिका, योग, करण, कन्या लग्न. इंग्रजी हिशेबानं जानेवारी १५९० चा पहिला आठवडा. राजानं स्वधर्माच्या पालनासाठी ही मशीद बांधली, असं सांगून लेख थांबतो.

या ओळी सलग वाचताना जाणवतं की इथं सहिष्णुतेची जाहिरात करायचा कुणाचा इरादा नव्हता. राज्यकर्त्याला आपली वास्तू शुभ मुहूर्तावर नोंदवायची होती, मुहूर्त काढणारा ज्योतिषी दरबारात हजर होता, आणि ज्या भाषेत मुहूर्त लिहितात त्याच भाषेत तो लिहिला गेला. सरहद्दीवरच्या शहरात अशी देवाणघेवाण रोजच्या कामाचा भाग असते. ती सहज झालेली असल्यामुळेच आज इतकी भिडते.

पण या मशिदीवर आणखी एक लेख आहे, फारसी. अकबरानं खानदेश जिंकल्याची नोंद त्यात आहे. राजा अली खान १५९७ मध्ये गोदावरीकाठच्या लढाईत मोगलांच्या बाजूनं लढताना पडला. त्याच्या मुलाला मोगलांशी जमवून घेता आलं नाही, आणि जानेवारी १६०१ मध्ये असीरगड पडला. चंद्र-सूर्याची मुदत मागणारी प्रार्थना आणि ती मुदत अकरा वर्षांत संपल्याचा पुरावा एकाच वास्तूत वाचायला मिळतो. राजवटी कशा जातात याबद्दल ग्रंथ लिहिले गेले आहेत; इथं दोन शिलालेखांत काम झालं आहे.

शाही किल्ल्यात मोगलांची ऐट शोधायला गेलात तर पडझडच फार दिसेल. फारुकींनी बांधलेला आणि मोगलांनी वाढवलेला हा अनेक मजली वाडा नदीच्या बाजूनं बराच ढासळला आहे. मात्र हमाम टिकून आहे, आणि किल्ल्यात पाहायचं ते तेच. बाहेरून कोठारासारखं दिसणारं हे स्नानगृह आत गेल्यावर एकदम बदलतं. मधोमध अष्टकोनी दालन, फरशीत हौद, गार-गरम पाणी आणणाऱ्या मातीच्या नळांची व्यवस्था, आणि वर चुन्याच्या गिलाव्यात घडवलेलं, पैलूपैलूंनी उतरत आलेलं छत. प्रत्येक पैलूवर वेलबुट्टी. रंग बरेच उडालेत, काही जागी तर फुलाची फक्त कड उरली आहे. तरीही चित्रकाराचं कसब कळतं. वाकड्यातिकड्या, आत वळलेल्या पृष्ठभागावर त्यानं एकही फूल ओढूनताणून बसवलेलं नाही. पैलू जिथं निमुळता होतो तिथं वेलही बारीक होत जाते आणि टोकाला एका कळीत मिटते.

मार्गदर्शक इथं एका जागी बोट दाखवून सांगतात, 'ही पाहा, ताजमहालाची पहिली कल्पना.' छतावर एक इमारत रंगवलेली आहे खरी. पण तिला ताजची जन्मकथा चिकटवली की माणसं तेवढंच पाहून बाहेर पडतात आणि उरलेलं छत पाहायचं राहून जातं. हे छत उभ्यानं पाहायचं नाहीच मुळी. स्नान करणारा अंग सैल सोडून उताणा पडेल, वरच्या झरोक्यातून उजेडाचा झोत उतरेल, वाफेतून फुलं दिसतील, असा हिशेब करून ते रंगवलं आहे. जमलं तर मान वर करून दोन मिनिटं तरी स्वस्थ उभं राहावं.

मुमताजमहल याच किल्ल्यात गेली, १७ जून १६३१ रोजी, चौदाव्या बाळंतपणात. जन्मलेली मुलगी गौहराआरा जगली. शाहजहान तेव्हा दख्खनच्या मोहिमेसाठी इथं तळ देऊन होता. पलीकडच्या जैनाबादेत आहूखाना नावाची हरणांची बाग होती. तिथं बेगमेला दफन केलं आणि डिसेंबरात देह आग्र्याला हलवला. नियोजित ताज तापीकाठीच व्हायचा होता, असं इथले लोक अजून हळहळून सांगतात. या प्रसंगाभोवती इतकं हळवं लिहिलं गेलं आहे की त्याच वर्षाची दुसरी बाजू विसरली जाते. १६३०-३१ चा दुष्काळ गुजरात आणि दख्खनला पोळून काढत होता. पीटर मंडी हा इंग्रज व्यापारी सुरतेहून बुऱ्हाणपूरमार्गे आग्र्याला गेला. वाटेवरच्या प्रेतांची वर्णनं त्यानं लिहून ठेवली आहेत. देहूत तुकोबांच्या घरावर घाला घालणारा दुष्काळ तो हाच. बादशहाचा शोक आणि रयतेची उपासमार एकाच नदीच्या खोऱ्यात चालली होती. आहूखान्यातल्या त्या रिकाम्या जागेपाशी उभं राहताना दोन्ही आठवायला हवीत.

थडग्यांच्या बाबतीत मात्र बुऱ्हाणपूर उदार आहे. शाहजहानचा मुलगा शाह शुजा याची बेगम बिल्किस हिचा मकबरा लहानसा, घुमटाला आणि भिंतींना खरबुजासारख्या फाका, म्हणून लोक त्याला खरबुजा गुंबद म्हणतात. आत गेलं की चहूबाजूंनी रंगीत फुलं. मोठ्या मकबऱ्यांत कलाकुसर पसरून विरळ होते. इथं ती हाताच्या अंतरावर दाटलेली आहे. उतावळी नदीकाठी खानखानान अब्दुर्रहीमचा मुलगा शाहनवाज खान याची कबर आहे. काळ्या दगडामुळे तिला 'काला ताजमहाल' हे नाव पडलं आहे. ते नाव विसरून आतली चित्रकारी पाहिली तर मकबरा अधिक आवडेल. बोहरा समाजाच्या यात्रेकरूंसाठी गावात दर्गाह-ए-हकीमी आहे, स्वच्छ आणि शांत.

या सगळ्यात वेगळी पडते ती मिर्झाराजे जयसिंगांची छत्री. १६६५ साली पुरंदरचा तह घडवून आणणारा हा मुत्सद्दी २८ ऑगस्ट १६६७ रोजी बुऱ्हाणपुरात वारला. शिवाजी महाराज आग्र्याहून निसटले आणि त्याचा ठपका औरंगजेबाच्या मनात मिर्झाराजांच्या घराण्यावर बसला. दक्षिणेची सुभेदारी गेली आणि परतीच्या वाटेवर, इथंच, अखेर झाली. तापी आणि मोहना यांच्या संगमाजवळची ही छत्री चारी बाजूंनी उघडी आहे; नुसते खांब आणि वर घुमट. बाकीचं बुऱ्हाणपूर भिंतीआड जपलेलं असताना हे एक स्मारक मोकळ्यावर उभं आहे. वास्तुकलेत त्याला राजपूत परंपरेचं साधं कारण आहे. तरी ज्या माणसाला शेवटी कुणाचाच आडोसा उरला नव्हता, त्याच्या वाट्याला हे यावं, यात एक कारुण्य आहे.

मराठी वाचकाला बुऱ्हाणपूर आठवतं ते जानेवारी १६८१ च्या अखेरच्या स्वारीमुळे. संभाजीराजांच्या फौजेनं बहादूरपुरा आणि तटाबाहेरचे इतर पुरे लुटले. तट मात्र हाती आला नाही. श्रीमंत पेठा तटाबाहेर वाढू देणारं शहर किती निर्धास्त झालं होतं, ते यावरून कळतं. पुढं १७३१ मध्ये निजामुल्मुल्कानं नवा तट घातला. तो १७४८ मध्ये इथंच वारला आणि खुलताबादला, ज्या संताचं नाव या शहराला आहे त्याच्याच दर्ग्यात पुरला गेला. १७६० च्या उदगीरच्या लढाईनंतर बुऱ्हाणपूर पेशव्यांकडे आलं, मग शिंद्यांकडे. असीरगडचा किल्लेदार यशवंतराव लाड याच्याकडून इंग्रजांनी एप्रिल १८१९ मध्ये गड घेतला, आणि तिसरं इंग्रज-मराठा युद्ध तिथंच संपलं.

आता शेवटचं आणि माझ्या मते सर्वांत थोर काम : कुंडी भंडारा. नदीकाठच्या गावानं पाणी डोंगरातून का आणावं? वेढ्यात नदी हातची जाऊ शकते, तिच्यात विष कालवलं जाऊ शकतं, अशी भीती होती असं सांगतात. शिवाय पावसाळ्यात तापीचा गाळ आणि उंचावरची वस्ती या अडचणी होत्याच. १६१५ च्या सुमारास, खानखानान अब्दुर्रहीमच्या सुभेदारीत, इराणी कारागिरीच्या धर्तीवर ही योजना उभी राहिली. सातपुड्यात मुरलेलं पाणी पायथ्याशी भूगर्भातच अडवायचं, हलक्या उताराच्या बोगद्यातून शहराकडे न्यायचं, आणि हवा-उजेड व साफसफाईसाठी ठरावीक अंतरावर उभ्या कुंड्या खोदायच्या. शंभराहून अधिक कुंड्या एका रांगेत आहेत. मोट नाही, रहाट नाही. पाणी फक्त उताराच्या आधारानं चालतं. ते जाली करंज नावाच्या साठवणीत येऊन मातीच्या नळांनी घरोघर जायचं.

आता पाळण्यातून सुमारे ऐंशी फूट खाली उतरता येतं. खाली गारवा, पायाशी वाहतं नितळ पाणी आणि भिंतींवर चुनखडीचे पांढरे थर. उताराचं गणित किती काटेकोर असेल याचा अंदाज इथं येतो. ढाळ थोडा जास्त झाला तर पाण्यानं भिंती खरवडल्या असत्या, थोडा कमी झाला तर गाळ साचला असता. चारशे वर्षांनंतरही पाणी चालू आहे, याहून वेगळं प्रमाणपत्र त्या कारागिरांना नको. दोहे लिहिणारा रहीम तो हाच, आणि रणात त्याच्याशी झुंजणारा मलिक अंबर साधारण त्याच काळात खडकीला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, याच तत्त्वावर नहर-ए-अंबरी बांधत होता. सरहद्दीच्या दोन्ही बाजूंचे शत्रू पाण्याच्या बाबतीत एकाच शाळेचे विद्यार्थी होते.

मार्च २०२४ मध्ये कुंडी भंडारा युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत गेला. मान मिळाला, पण बोगद्यांत चुनखडी साचून वाट अरुंद होते आहे, आणि ज्या जमिनीत पाणी मुरायचं तिथं कूपनलिका व बांधकामं वाढत आहेत. पायथ्याची ती जमीन मोकळी राहिली नाही तर यादीतलं नाव राहील, पाणी राहणार नाही. भुसावळहून रेल्वेनं बुऱ्हाणपूर साधारण तासाभरावर आहे. जाणाऱ्यांनी ताजच्या कथा जरा बाजूला ठेवून मशिदीतला संस्कृत लेख, हमामाचं छत आणि कुंडीतलं पाणी, या तीन गोष्टी तरी सावकाश पाहाव्यात. ज्यांच्या हाती कारभार आहे त्यांनी त्यातली तिसरी आधी वाचवावी.