विसरायला लावणाऱ्या नव्या पेशी

'मेंदूत नव्या पेशी तयार झाल्या की स्मरणशक्ती सुधारते' हे वाक्य बऱ्याच जणांच्या तोंडी असते. त्याला आधारही आहे. 1999 मध्ये कॅलिफोर्नियातील सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये काही उंदरांच्या पिंजऱ्यात पळण्याचे चाक ठेवले. त्यांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे स्मरणाशी निगडित भागात, नव्या चेतापेशी वाढल्या आणि ते उंदीर शिकलेही अधिक चांगले. पण 2014 साली 'सायन्स' या साप्ताहिकात टोरांटोच्या कॅथरीन एकर्स, शीना जोसेलिन, पॉल फ्रँकलंड आणि सहकाऱ्यांचा जो निबंध आला, तो जवळजवळ उलटे सांगतो.

एका ठरावीक खोक्यात पायाला विजेचा सौम्य झटका बसला, की पुन्हा त्या खोक्यात ठेवताच उंदीर थिजतो. प्रौढ उंदीर हे अनेक आठवडे विसरत नाही. सतरा दिवसांचे पिल्लू शिकते, पण लवकर विसरते. पिल्लाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या पेशींची भर जोरात चालू असते. त्या जुन्या जोडण्यांत शिरकाव करतात आणि मांडणी बदलते, असा लेखकांचा तर्क. म्हणून त्यांनी प्रौढांना शिकल्या'नंतर' चाकावर पळवले. ते विसरू लागले! औषधाने पेशीनिर्मिती कमी केलेल्या पिल्लांनी मात्र आठवण अधिक काळ टिकवली.

निबंधाचा खरा कस गिनिपिग आणि डेगू या प्राण्यांत दिसतो. त्यांची पिल्ले बरीच वाढ होऊनच जन्मतात. नंतर नव्या पेशी थोड्याच बनतात, आणि बालपणीचे विसरणेही दिसत नाही. पेशी वाढवल्या, की दिसते. एकाच उंदरावर न थांबता निसर्गाने आधीच करून ठेवलेला प्रयोग वापरणे, ही दृष्टी मला फार मोलाची वाटते. विद्यार्थ्यांना 'नियंत्रण' म्हणजे काय हे सांगायला याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.

आता आक्षेप. पेशीविभाजन थांबवणारे औषध इतरही काही करत असणार. शिवाय 2016 मध्ये रॅट या मोठ्या उंदरांवर झालेल्या प्रयोगात पळण्याने पेशी वाढल्या, तरी पाण्यातील जागा शोधण्याची जुनी आठवण पुसली गेली नाही. तेव्हा प्राणी कोणता आणि आठवण कोणत्या प्रकारची, हे सांगितल्यावाचून नियम मांडता येत नाही. आणि 'विसरणे' म्हणजे तरी काय? 2018 मध्ये फ्रँकलंड यांच्याच गटाने पिल्लूपणी शिकताना कार्यरत असलेल्या पेशी खुणावून ठेवल्या आणि तीन महिन्यांपर्यंतच्या काळानंतर त्या प्रकाशाने चेतवल्या. 'हरवलेली' आठवण परत आली. म्हणजे ती पुसली नव्हती, तिच्यापर्यंतची वाट बुजली होती. 2014 च्या निबंधावरून हा फरक कळत नाही.

माणसाविषयी घाई नको. 2018 मध्ये सोरेल्स यांच्या गटाला मृतांच्या मेंदूत असे आढळले, की या नव्या पेशी पहिल्या वर्षातच झपाट्याने घटतात. (प्रौढांत त्या बनतात की नाही, यावर त्याच वर्षी बोल्ड्रिनी यांच्या गटाने विरुद्ध निष्कर्ष दिला, तो वाद निराळा.) आपल्या पहिल्या आठवणी मात्र साधारण तीन वर्षांच्या पुढच्या असतात. दोन्ही वेळापत्रके सरळ जुळत नाहीत. उंदरात नवी पेशी काही आठवड्यांत पक्व होते, माकडात सहा महिन्यांहून अधिक काळ लागतो. माणसात ती आणखी सावकाश वाढत असेल, तर हे अंतर काही प्रमाणात भरून निघेल.