प्रयोगाचे वाचन आणि दर्शन

परीक्षणासाठी आम्ही हाती घेतो ती नियतकालिके वाचावयाची असतात. आज ज्याविषयी लिहावयाचे ते मात्र पाहावयाचे आहे. ‘जर्नल ऑफ व्हिज्युअलाइज्ड एक्सपेरिमेंट्स’ असे त्याचे लांबलचक नाव असून शास्त्रज्ञ मंडळी आद्याक्षरे जुळवून त्यास ‘जोव्ह’ म्हणतात. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स संस्थानात २००६ साली ते सुरू झाले. त्यातील प्रत्येक लेखास दोन अंगे असतात. एक, प्रयोगाची क्रमवार लिहिलेली कृती. आणि दुसरे, तीच कृती प्रयोगशाळेत करून दाखविणारी दहापंधरा मिनिटांची चित्रफीत. नव्या सिद्धान्ताची घोषणा करणे हे ह्या नियतकालिकाचे काम नव्हे. अमुक गोष्ट कशी करावयाची, एवढेच ते दाखविते. आजवर त्यात असे हजारो लेख प्रसिद्ध झाले आहेत.

ह्यात विशेष ते काय, असे कोणी विचारील. ज्या घरात पाकशास्त्राचे पुस्तक आहे त्या घरात तरी हा प्रश्न निघू नये. ‘एकतारी पाक करावा’ हे शब्द छापणे सोपे आहे. पण पाक बोटांच्या चिमटीत धरून तार कितपत लांबू द्यावयाची, ती तुटताना कशी दिसते, आणि पातेले नेमके कोणत्या क्षणी खाली उतरवावयाचे, हे पुस्तकात लिहिलेले असूनही पुस्तकातून कळत नाही. पहिल्या खेपेस लाडू दगडासारखे होतात. मग आजी शेजारी उभी राहून दाखविते, आणि दुसऱ्या खेपेस ते साधतात. शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेत सारे काही तोलूनमापून चालते, तेव्हा तेथे आजीची गरज पडत नसावी, असा आपणां सामान्यांचा समज असतो. तो खरा नाही.

ह्या नियतकालिकाच्या जन्माची कथाच त्याची साक्ष आहे. त्याचे एक संस्थापक मोशे प्रिट्स्कर हे प्रिन्स्टन विद्यापीठात संशोधन करीत असता भ्रूणाच्या मूलपेशींसंबंधीची एक कृती त्यांना छापील लेखावरून काही केल्या साधेना. अखेरीस ती शिकण्यासाठी त्यांना अटलांटिक ओलांडून एडिंबरोच्या प्रयोगशाळेत जावे लागले. शब्दांनी जे पोचले नाही ते डोळ्यांनी पोचले. तेव्हा प्रत्येक विद्यार्थ्याने एडिंबरोस जाण्यापेक्षा एडिंबरोच त्याच्या मेजावर का आणू नये, ह्या विचारातून ‘जोव्ह’ निघाले.

छापील शब्द येथे अपुरा पडतो ही गोष्ट काही आजची नव्हे. रॉबर्ट बॉइल ह्याने १६६० साली हवेच्या पंपावरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले तेव्हा त्याने मुद्दाम पाल्हाळ केला. यंत्राचे चित्र दिले, प्रसंग वर्णिले, फसलेले प्रयोगदेखील लपविले नाहीत. जो वाचक खोलीत हजर नव्हता त्यास आपण हजर होतो असे वाटावे, हा त्याचा हेतू होता. स्टीव्हन शेपिन आणि सायमन शॅफर ह्या इतिहासकारांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात हा हेतू उत्तम उलगडून दाखविला आहे. पण त्यांनी नोंदविलेली दुसरी गोष्ट अधिक बोलकी आहे. इतका पाल्हाळ करूनही, मूळ यंत्र कधी न पाहता केवळ बॉइलच्या वर्णनावरून पंप उभारण्यात कोणास यश आल्याचे त्यांना आढळले नाही. पुढे नियतकालिके वाढली, पाने महाग झाली, आणि बॉइलचा तो पाल्हाळही गेला. ‘कृती पूर्वी वर्णिल्याप्रमाणे’ असे म्हणून लेखक जुन्या लेखाकडे बोट दाखवू लागला. तो जुना लेख काढावा तर तो त्याहून जुन्याकडे बोट दाखवितो. कित्येक मान्यवर नियतकालिकांनी तर कृतीचा भाग लेखाच्या शेवटी, बारीक टायपात नेऊन टाकला. जेवणाचे वर्णन चार पाने आणि स्वयंपाकाचे चार ओळी, असा हा न्याय झाला.

त्याचे परिणाम पुस्तकी नाहीत. कर्करोगावरील ५३ महत्त्वाच्या शोधलेखांतील निष्कर्ष अमेरिकेतील अ‍ॅम्जेन ह्या औषध कंपनीच्या शास्त्रज्ञांनी पडताळून पाहिले, तेव्हा त्यांपैकी अवघे सहा खरे ठरले. ही हकीकत २०१२ साली प्रसिद्ध झाली. पुढे २०१६ साली ‘नेचर’ ह्या साप्ताहिकाने सुमारे दीड हजार संशोधकांस विचारले, तेव्हा दुसऱ्याचा प्रयोग करून पाहताना आपण अयशस्वी झालो, असे शेकडा सत्तरांहून अधिकांनी कबूल केले. निम्म्याहून अधिकांना तर स्वतःचाच प्रयोग पुन्हा साधला नव्हता. ह्या सर्व अपयशाचे खापर कृतीच्या अपुऱ्या वर्णनावर फोडणे अन्यायाचे होईल. घाई, हव्या त्याच निकालाकडे ओढा, संख्याशास्त्राचा सैल वापर, ही कारणेही त्यात आहेत, आणि त्यांवर चित्रफीत हा उपाय नव्हे. परंतु जे औषध रोग्यापर्यंत पोचावयाचे त्याचा पायाच असा डळमळीत असेल, तर त्यातली एक वीट जरी पक्की होत असली तरी तिची किंमत मोठी आहे.

हाताचे ज्ञान लेखणीत का उतरत नाही, ह्याचा शोध हॅरी कॉलिन्स ह्या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने चिकाटीने घेतला. एका विशिष्ट जातीचा लेसर उभारू पाहणाऱ्या प्रयोगशाळांचा त्याने अभ्यास केला. केवळ छापील माहितीवर विसंबून तो चालता करणारी एकही प्रयोगशाळा त्याला आढळली नाही, असे त्याने १९७४ साली लिहिले. ज्यांना यश आले त्यांनी तो लेसर चालविणाऱ्या माणसांशी प्रत्यक्ष संबंध ठेवला होता. त्याची दुसरी हकीकत २००१ सालची आहे. मॉस्कोचे पदार्थवैज्ञानिक नीलमण्याचा तुकडा बारीक दोऱ्यावर टांगून त्याचे कंपन किती टिकते हे मोजीत. त्यांचे आकडे पश्चिमेकडे कोणास येत नसल्यामुळे त्यांवर कोणाचा विश्वास बसेना. पुढे मॉस्को आणि ग्लासगो येथील मंडळी एकमेकांकडे गेली, आणि शेजारी उभे राहून पाहिल्यावर गमती उलगडू लागल्या. त्यांतली एक अशी की, दोऱ्यास किंचित स्निग्धपणा लागतो, आणि तो आणण्यासाठी मॉस्कोचा शास्त्रज्ञ दोरा आपल्या नाकाच्या दांड्यावरून किंवा कानामागून हलकेच ओढून घेई. ही गोष्ट कोणत्या शोधलेखात छापून येणार? आणि छापली असती तरी ती वाचून कोणी गंभीरपणे घेतली असती, असे आम्हांस वाटत नाही.

ह्याहून अधिक विचार करावयास लावणारे उदाहरण २०१४ साली प्रसिद्ध झाले. बर्कली येथील मिना बिसेल आणि बोस्टन येथील कॉर्नेलिया पोल्याक ह्या दोन नामांकित विदुषींच्या प्रयोगशाळा स्तनाच्या पेशींवर मिळून काम करीत होत्या. ऊती घ्यावयाची, तिच्यातील पेशी सुट्या करावयाच्या, आणि यंत्राने त्यांची जातवार निवड करावयाची, एवढीच कृती. तरी दोघींकडचे निकाल जुळेनात. उपकरणे तपासली, द्रावणे तपासली, पत्रव्यवहार झाला. ह्यात वर्षाहून अधिक काळ गेला. शेवटी दोन्हीकडचे संशोधक एकाच प्रयोगशाळेत एकाच मेजापाशी काम करावयास बसले, आणि उलगडा झाला. पेशी सुट्या करताना एकीकडे ऊती जोराने काही तास घुसळली जात होती. दुसरीकडे ती बराच अधिक वेळ हलकेच हेलकावत ठेवीत. दोन्ही पद्धती रूढ होत्या. म्हणूनच त्यांविषयी दोघींपैकी कोणासही काही सांगावेसे वाटले नाही.

वाचकांनी ह्या शेवटच्या गोष्टीपाशी क्षणभर थांबावे. येथे कोणी काही लपविले नव्हते, आळस केला नव्हता. जे सांगावयाचे राहिले ते सांगण्याजोगे आहे हेच कोणास ठाऊक नव्हते. लेखणी फक्त तेच टिपते जे लिहिणाऱ्यास महत्त्वाचे वाटते. कॅमेरा मात्र निर्बुद्ध आहे, आणि हाच त्याचा गुण होय. त्याच्यासमोर जे घडेल ते सगळे तो घेतो; ते भांडे कसे फिरत आहे, हात किती वेळ थांबला, दोरा नाकावरून गेला की नाही, हे सर्व करणाऱ्याच्या नकळत त्याच्या फितीवर उतरते. शास्त्रीय कृतीच्या चित्रफितीचा खरा कैवार घ्यावयाचा तर तो ह्याच मुद्द्यावर घेता येतो.

आणि नेमके येथेच आमचे ‘जोव्ह’शी पटत नाही. ह्या नियतकालिकाची रीत अशी आहे. प्रथम लेखक कृती लिहून धाडतो. तज्ज्ञ परीक्षक ती लेखी कृती तपासतात. मग त्या लेखातील निवडक भागावरून चित्रणाची संहिता तयार होते. ठरल्या दिवशी चित्रण करणारा इसम प्रयोगशाळेत येतो आणि संहितेतील दृश्ये एकामागून एक टिपून घेतो. नंतर त्यांची काटछाट होते, आणि एखादा धंदेवाईक निवेदक आपल्या घोटीव आवाजात त्यांवर वर्णन वाचतो. म्हणजे झाले काय, तर ज्या लेखणीची अपुरेपणाबद्दल तक्रार होती, तिनेच कॅमेऱ्याने काय पाहावे हे आधी ठरवून दिले! बर्कली आणि बोस्टनच्या मंडळींनी अशी संहिता लिहिली असती तर घुसळण्याचे दृश्य तीन सेकंदांचे झाले असते, किंवा मुळीच घेतले गेले नसते. शिवाय ज्याचे हात दिसतात तो बहुतेक वेळ गप्प, आणि जो बोलतो त्याने त्या नळीस कधी हात लावलेला नसतो. हात अडखळला की माणूस स्वतःशी काहीतरी पुटपुटतो. त्या पुटपुटण्यात पुष्कळ शास्त्र असते, आणि ते येथे गाळले जाते.

ह्याचा अर्थ ह्या चित्रफिती निरुपयोगी आहेत असा मात्र नव्हे. झेब्रामाशाच्या इवल्याशा भ्रूणात काचेच्या सुईने थेंब सोडणे, फळमाशीचा मेंदू चिमट्यांनी अखंड बाहेर काढणे, असल्या कामांत सुईचा कल आणि चिमट्याची पकड एकदा पाहिली की दहा पानांचे वर्णन वाचल्याहून अधिक उमगते. अशा कौशल्याच्या कृतींपुरते ‘जोव्ह’ आपले वचन पाळते, असा आमचा अभिप्राय आहे. पण जेथे काळ लागतो, तेथे त्याची पंचाईत होते. ‘तीन दिवसांनंतर’ अशी पाटी येते आणि पेशी वाढलेल्या दिसतात. मधल्या तीन दिवसांत शिकणारा रोज सकाळी काय पाहतो, कशाने घाबरतो, कोणते लक्षण दिसताच सर्व फेकून पुन्हा आरंभ करतो, ह्याचा पत्ता नाही. आपल्या दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी कुंडीतल्या वाटाण्याच्या वाढीचे एकेक चित्र घेऊन जी छोटी फीत बनविली तिची येथे आठवण होते. तिच्यात वाट पाहणे हाच विषय होता.

फसलेली कृती तर ‘जोव्ह’मध्ये जवळजवळ कोठेच दिसत नाही. लेखी भागाच्या शेवटी अडचणींविषयी दोन शब्द असतात. चित्रात सर्व काही पहिल्या झटक्यात जमते. विद्यार्थ्यास मात्र फसलेले कसे दिसते हेच आधी कळावयास हवे. आजी जळलेला पाक दाखवून सांगते, ‘हा असा झाला की गेला.’

ह्या बाबतीत एका जुन्या माणसाकडून शिकण्यासारखे आहे. पॅरिसचा शल्यवैद्य यूजेन दोयाँ ह्याने १८९८ साली आपल्या शस्त्रक्रियांचे चित्रण करविले आणि त्याच वर्षी ते एडिंबरो येथे ब्रिटिश डॉक्टरांच्या परिषदेत दाखविले. तेव्हा चित्रपटाचे वय अवघे तीन वर्षांचे होते. दोयाँ मोठा प्रदर्शनप्रिय गृहस्थ होता. छातीपाशी जोडलेल्या, ओरिसातून युरोपात आलेल्या राधिका आणि दुदिका ह्या बालिकांस त्याने १९०२ साली कॅमेऱ्यासमोर विलग केले. दुदिका थोड्याच दिवसांत वारली, राधिका पुढील वर्षी. पुढे त्याच्या चित्रफिती जत्रांतून तमाशासारख्या दाखविल्या गेल्या, आणि चित्रणकारावर त्यास कोर्टात जावे लागले. ह्या साऱ्याचे समर्थन होऊ शकत नाही. पण त्याच दोयाँने एक गोष्ट प्रांजळपणे लिहून ठेविली आहे: पडद्यावर स्वतःचे हात पाहिले तेव्हा त्यास आपल्या चुका आणि निरर्थक हालचाली प्रथमच दिसल्या, आणि त्या त्याने सुधारल्या. ज्यास आपण निष्णात आहोत अशी पुरेपूर खात्री होती, त्यासही कॅमेऱ्याने काही नवे सांगितले. संहितेबरहुकूम कापलेल्या फितीतून हे घडले नसते.

आता दराविषयी. आरंभी ‘जोव्ह’ सर्वांस मोफत खुले होते. २००९ साली ते वर्गणीदारांपुरते झाले. आपला लेख सर्वांस खुला राहावा असे वाटल्यास लेखकाने निराळे, जास्त शुल्क भरावयाचे. चित्रण करणारे, काटछाट करणारे, निवेदक, सर्वांस वेतन द्यावे लागते हे आम्ही जाणतो. पण जो मोठ्या विद्यापीठात आहे, त्याच्या शेजारच्याच खोलीत बहुधा ती कृती येणारा कोणी असतो, आणि वर्गणीही त्याचेच विद्यापीठ भरते. ज्याच्याजवळ ना शेजारची खोली ना वर्गणी, तो लहान गावच्या महाविद्यालयातील विद्यार्थी बंद दारापाशीच राहतो, आणि मोबाइलवर कोणा परदेशी विद्यार्थ्याने आपल्या हातांचे घेतलेले, डगमगते, मधूनमधून अंधारलेले चित्रण फुकट पाहतो. आम्ही अशी काही पाहिली. त्यांत आवाज फुटतो, मागे कोणी दार लोटून जाते, आणि ‘थांबा, हे चुकले’ असे म्हणून करणारा पुन्हा आरंभ करतो. परीक्षक नाही, संपादक नाही, तेव्हा त्यांवर विश्वास किती ठेवावा हा प्रश्न आहेच. पण तो ‘थांबा, हे चुकले’ आम्हांस ‘जोव्ह’मध्ये कोठे सापडला नाही.

आमची सूचना फार खर्चाची नाही. कापलेली, सजविलेली फीत हवी तर पुढे ठेवावी. तिच्या मागे त्या दिवशीचे अखंड चित्रण, निवेदकाविना, जसे घडले तसे, तपासलेल्या लेखाला जोडून द्यावे, आणि एवढा भाग तरी विनामूल्य असावा. ते सर्व चित्रण आधीच झालेले असते. पुढेमागे कोणा दोघांचे निकाल जुळेनासे झाले, तर भांडे कसे हलत होते हे तेथे पाहता येईल.