वरातीतले झिंगाट

तुळशीचे लग्न लागले की आमच्या किन्हीराजाला माणसांच्या लग्नांचे वेध लागतात. सोयाबीन तोवर बाजारात गेलेले असते आणि त्याचे जे काही हाती येते ते मांडव, आचारी आणि डीजे यांत वाटले जाते. वरात रस्त्याला लागली की माझ्या घराच्या पत्र्यांना कंप सुटतो. कोणते गाणे लागले, हे मला कानांच्या आधी पत्रे सांगतात. गेली कित्येक वर्षे शेवटचे गाणे बहुधा एकच असते. ते सुरू झाले की तोवर कडेला अदबीने उभे असलेले मामे, मावसे आणि सोसायटीचे संचालकदेखील रस्त्याच्या मध्यभागी येतात. ते गाणे म्हणजे ‘झिंगाट’.

‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला, त्या वर्षी मी या गाण्यावर मनापासून रागावलो होतो. हा राग ऐकून आला नव्हता, वाचून आला होता. वर्तमानपत्रे गल्ल्याचे आकडे छापीत, आणि मराठी चित्रपटाने शंभर कोटींचा पल्ला गाठल्याची बातमी पिकाला भाव मिळाल्याच्या थाटात आली. अजय-अतुल यांनी चित्रपटाच्या संगीतासाठी लॉस एंजेलिसच्या सोनी स्टुडिओत वाद्यवृंद वाजवून घेतला, हे आमच्या कटिंगच्या दुकानातही ठाऊक होते. प्रेक्षक पडद्यापुढे जाऊन नाचतात, याचीही वर्णने आली. ज्या वस्तूचा एवढा गाजावाजा होतो ती चांगली असणे शक्य नाही, असा मास्तरी निकाल मी न ऐकताच देऊन टाकला. त्यात कादंबरीकाराचा मत्सर किती होता, ते वाचकांनी विचारू नये. माझी कादंबरी वाचून अद्याप कोणी नाचलेले नाही.

पुढे अकोल्याला जाऊन चित्रपट पाहिला आणि निकाल फिरवावा लागला. हे गाणे कोठे येते ते पाहा. आर्ची पाटलांची, परश्या पारध्यांचा. तिच्या भावाच्या वाढदिवसाला तिच्याच दारात पोरे बेभान नाचतात. शब्द गावातले, तालाला उसंत नाही, आणि गळ्यात वयाची सारी मस्ती. त्या पोराला वाटते आहे की जग आपल्या बाजूचे आहे, आणि गाणे आपल्यालाही तेवढा वेळ तसेच वाटायला लावते. त्याच रात्री दोघे एकत्र सापडतात आणि मार सुरू होतो. चित्रपटातली चारही गाणी या रात्रीपर्यंत आटोपलेली असतात. पुढे हैदराबादेतला संसार आहे, भांडणे आहेत, मूल आहे, गाणे नाही. शेवटी तर दिग्दर्शक आवाजच काढून घेतो. रक्ताने माखलेली इवली पावले चालत जातात आणि कानांवर काहीही पडत नाही. नागराज मंजुळे यांनी आपल्याला नाचवले ते त्या शांततेची किंमत कळावी म्हणून. ‘झिंगाट’चा खरा शेवट तेथे आहे.

गाजावाजा वस्तू बिघडवतोच असे नाही. तो ती अर्धी करतो. ‘सैराट’चा नाचणारा अर्धा भाग त्याने घरोघर पोचवला आणि उरलेला चित्रपटगृहात ठेवून दिला. २०१८ साली ‘धडक’ या नावाने हीच कथा हिंदीत गेली. गाणे चालीसकट गेले. जात मात्र वाटेत बरीच गळून पडली. आज आमच्या शाळेत पाचवीत असलेली मुले ‘सैराट’ आला तेव्हा पाळण्यात होती. गाणे त्यांना कवितेपेक्षा चांगले पाठ आहे. एकाने मला विचारले, “गुरुजी, हे सिनेमातलं गाणं हाये?” मी हो म्हटले. पुढे काय होते, ते मी त्याला सांगितले नाही.

सांगण्याचा अधिकार मला नाही, हेच या लेखाचे कारण आहे. गावात माझे अक्षर चांगले समजले जाते, म्हणून मुलामुलींचे बायोडाटा माझ्याकडून लिहून घेतात. पहिल्या ओळीत नाव, दुसरीत जन्मतारीख आणि वेळ, तिसरीत जात आणि पोटजात. माझ्या कादंबऱ्यांतून मी दोन जोडपी जातीबाहेर सुखाने नांदवली आहेत. या कागदांतून एकही नाही. भाचीचा कागदही मीच लिहिला. ती शेजारी उभी होती. म्हणाली, “मामा, तिसरी ओळ नाही लिहिली तर नाही चालत काय?” मी ते हसण्यावारी नेले आणि लिहिले. अक्षर त्या दिवशी विशेष चांगले आले होते.

तिच्या लग्नात वरातीचे शेवटचे गाणे अर्थातच तेच लागले. नवरदेवाचा एक मित्र माझा हात ओढून म्हणाला, “काऊन मामाजी, तुम्ही नाचत काऊन नाही?” मी नाचलो. चार पावले चुकली असतील, पण नाचलो, कारण त्या तालापुढे पाय ऐकत नाहीत, आणि हा त्या गाण्याचा दोष नव्हे. भाची सजवलेल्या गाडीत बसली होती. तिने माझ्याकडे पाहिले की नाही, ते दिव्यांच्या झगमगाटात कळले नाही.

परवा ओळखीचे एक गृहस्थ मुलीचा कागद लिहून घ्यायला आले. दोन ओळी झाल्यावर मी लेखणी थांबवली आणि धीर करून विचारले, “तिसरी ओळ घालायची काय?” ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले. गुरुजी विसरले असतील, असे त्यांना वाटले असावे. मग त्यांनी मला आपली जात सावकाश, पोटजातीसह सांगितली, आणि मी ती लिहून घेतली.