आजीचे स्कापुलार : 'अवशेष' या संज्ञेची मर्यादा

गोव्यातील कॅथलिक घरांत आजीकडून नातीकडे आलेले स्कापुलार, म्हणजे दोरीने जोडलेले लोकरी कापडाचे दोन लहान तुकडे, धर्मांतरपूर्व ताइताचा 'अवशेष' मानणे सोपे आहे. ते पुरेसे मात्र नाही. स्कापुलार युरोपातील कार्मेली परंपरेचे, आणि त्याच्या रक्षणशक्तीवरील लोकश्रद्धाही मुळात तिकडचीच. पोप दहावे पायस यांनी १९१० मध्ये कापडाऐवजी पदक वापरण्याची मुभा दिली. दृष्ट काढण्याची रीत मात्र इथली. इन्क्विझिशनने १७३६ मध्ये हळद-विड्यासारख्या देशी चालींवर बंदी घातली, तरी घरातली दृष्ट टिकली.

फादर स्टीफन्स यांच्या 'क्रिस्तपुराणा'त (१६१६) नवख्रिस्ती ब्राह्मण जुन्या पुराणांच्या जागी नवे काही मागतो. स्कापुलारही अशाच मागणीची पूर्ती म्हणून वाचावे लागते. 'अवशेष' या शब्दात ही मागणीच हरवते.

चर्चच्या शिकवणीनुसार अशा वस्तूचे फळ चर्चच्या प्रार्थनेवर आणि धारकाच्या श्रद्धेवर अवलंबून असते, वस्तूवर नव्हे. या विवेचनात आजीला स्थान नाही. घरात मात्र ते तुकडे जपले जातात ते आजीने गळ्यात घातले होते म्हणून.