न कापलेले पतंग

पतंगांवर समीक्षा लिहायची तर आधी पतंग उडवता आला पाहिजे, असे आमच्या मेहुण्याचे म्हणणे. मी त्याला म्हटले, "अरे, नाटकांवर लिहिणाऱ्या किती जणांनी तोंडाला रंग लावलाय? आणि रोज लाखो रुपये मोजतो, म्हणून माझ्याजवळ ते आहेत का?" मेहुणा गप्प बसला.

तर हाच मेहुणा एका शनिवारी मला अलिबागच्या किनाऱ्यावर घेऊन गेला. कुठल्याशा पतंगमंडळाचा दोन दिवसांचा मेळावा होता. मोहोळच्या माणसाला समुद्राचे काय कौतुक असते, ते मुंबईकरांना कळायचे नाही. सीनेला पूर आला की आम्ही त्यालाच समुद्र म्हणून नारळ वाहतो.

आधी रंगमंचाविषयी. ओहोटीला हा किनारा असा पसरतो की माणसे कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जातात. दुपारी जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून गार हवा येते. वाटेत ना झाड, ना गच्ची, ना कुणाची टीव्हीची छत्री. त्यामुळे वारा कसा एकसारखा! आमच्याकडचा वारा लिंबाला अडखळत, पाण्याच्या टाकीला वळसा घालत येतो. गिऱ्हाईक तीन टेबले फिरून माझ्या खिडकीशी येते, तसा. मोहोळात पतंग चढवणे म्हणजे शेतकऱ्याने कर्ज मंजूर करून घेणे. इथे नुसता हात सोडला की पतंग वर. बड्या थकबाकीदाराला नवे कर्ज मिळावे, तसा.

आता पात्रे. एक वीस-पंचवीस हात लांबीचा ऑक्टोपस होता, एक देवमासा होता. दोघांतही कामटी म्हणून नाही! मेहुण्याने सांगितले, "दाजी, अमेरिकेतल्या डॉमिना जॅलबर्टने १९६४ साली ही युक्ती काढली. कापडाच्या कप्प्यांत वारा भरतो आणि त्या वाऱ्यानेच पतंगाला आकार येतो." कणा नसताना इतके वर जाता येते, हे मी बावीस वर्षांच्या नोकरीत अनेकदा पाहिले होते, आकाशात प्रथमच पाहिले.

ऑक्टोपसचा दोर वाळूच्या पोत्याला बांधून मंडळी वडापाव खायला गेली. तासाभराने परत आली, तरी ऑक्टोपस तिथेच! मी विचारले, "काटाकाटी कधी सुरू होणार?"

"इथे कुणी कुणाचा पतंग कापत नाही, दाजी. सगळे एकमेकांच्या दोरापासून लांब राहतात."

म्हणजे माणसांसारखे पतंगही कन्नी कापायला शिकले! मी मनातल्या मनात शेरा मारला : 'नेपथ्य उत्तम, नाट्य शून्य. हा पतंग नव्हे, मुदतठेव आहे.' पतंग म्हणजे दोन गच्च्यांमधले भांडण. शेजारचा माणूस कसा आहे, ते त्याच्या पतंगाच्या खेचीवरून कळते. ढील कधी द्यायची, हे त्याला कळत असेल तर त्याच्याशी सोयरीक करायला हरकत नाही.

एवढी फर्मास वाक्ये सुचली आणि हात सवयीने गळ्याकडे गेला. तिथे एक वण आहे. तीन वर्षांपूर्वी पतंगांच्या दिवसांत संध्याकाळी स्कूटरवरून घरी येत होतो. रस्त्यावर आडवा मांजा लोंबत होता. दिसला नाही, कळला फक्त. सात टाके पडले. डॉक्टर म्हणाले, "बोटभर खोल गेला असता तर बोलायलाही राहिला नसता." दवाखान्यातून घरी आलो तर कोपऱ्यात चिरंजीवांची फिरकी. तसलाच नायलॉनचा मांजा! आणलेला कुणी? मीच. दुकानदाराने गल्ल्याखालून काढून दिला होता : "घ्या साहेब, तुटायचं नाव नाही." राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०१७ मध्ये अशा मांज्यावर देशभर बंदी घातली, हे मला ठाऊक होते. सहीत एक वेलांटी चुकली तर चेक परत करणारा मी. पण पोराचा पतंग कापला जाऊ नये म्हणून तेवढ्यापुरते नियम विसरलो.

म्हणजे किनाऱ्यावरच्यांना नावे ठेवण्याचा अधिकार मला कितपत? त्यांनी भांडण सोडले. आम्ही हरणे सोडले. ज्याचा दोर तुटतच नाही, त्याच्याशी पेच लावण्यात कसली गंमत?

उन्हे उतरल्यावर आठेक वर्षांच्या एका मुलीने साधा कागदी पतंग काढला. दोराही साधा, सुती. पतंग देवमाशाच्या शेपटीजवळून ऐटीत वर गेला आणि दोरा तुटला. ती किंचाळली. वडापाववाले उठले, वाळूवर पहुडलेले उठले, सगळा किनारा "गेला, गेला!" करीत धावला. सत्तेचाळिसाव्या वर्षी मीही विजार भिजेपर्यंत पाण्यात गेलो. पतंग सापडला नाही. पण दोन दिवसांत रंगलेला प्रयोग हा एकच, असे माझे समीक्षक म्हणून मत आहे.

घरी त्या नायलॉनचे मी कात्रीने केव्हाच तुकडे केलेत. आता चिरंजीव सुती दोऱ्याने उडवतात. त्यांचे पतंग धडाधड कापले जातात आणि ते गच्चीवरून माझ्या नावाने ओरडतात. ओरडू देत. ओरडायला गळा लागतो.